लाइट गेली तरी चालणारा फोन : शाळेचा दूरध्वनी तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर कसा गेला?

१/ मराठवाड्यातील एखाद्या हायस्कूलच्या कार्यालयात आज फोन वाजतो, तो पूर्वीसारखाच वाजतो. यंत्र तेच, क्रमांकही अनेकदा तोच. मात्र भिंतीतून येणारी तांब्याची तार बऱ्याच ठिकाणी गेली आहे आणि तिच्या जागी काचेचा तंतू व दिवे लुकलुकणारी एक पेटी आली आहे. हे स्थित्यंतर इतके निःशब्द घडले, की फोन आता इंटरनेटवर चालतो हे कित्येकांच्या गावीही नाही. आजचा थ्रेड या स्थित्यंतराच्या इतिहासावर, धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने.

२/ मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे सातव्या निजामाच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. हैदराबाद संस्थानाचे टपाल वेगळे आणि तिकिटेही वेगळी. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, तरी खेड्यापाड्यांत फोन पोहोचायला आणखी काही दशके जावी लागली. ट्रंक कॉल नोंदवायचा आणि ऑपरेटरची वाट पाहत बसायचे, हा त्या काळचा रिवाज. ऑपरेटरविना परगावी थेट फोन लावण्याची एसटीडी सोय देशात प्रथम आली ती १९६० साली, लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान.

३/ खरी अडचण निराळीच होती. परदेशी बनावटीच्या एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि धुळीत ती कोठून आणायची? १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने यावर तोडगा काढला. उष्णतेत आणि धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असे १२८ लाइनचे लहान ग्रामीण एक्स्चेंज तिने घडविले. त्यातील पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. पुढच्या दशकात गावोगावी एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक दिसू लागले, त्यामागे हे एक्स्चेंज होते.

४/ येथे एक तांत्रिक बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. जुन्या फोनला घरातील विजेची गरज नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असे. तिचा ४८ व्होल्टचा प्रवाह बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच तांब्याच्या जोडीतून थेट फोनपर्यंत येई. म्हणून शाळेची, किंबहुना सबंध गावाची लाइट गेली तरी फोन जिवंत राही. एक्स्चेंजमधील बॅटऱ्या व जनरेटर सांभाळणे हे दूरसंचार खात्याचे काम होते. मुख्याध्यापकांना त्याची दखलही घ्यावी लागत नसे.

५/ याचे मोल या जिल्ह्याला अधिक कळावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. भारतातील पहिला मोबाइल कॉल अजून पावणेदोन वर्षे दूर होता. तो झाला ३१ जुलै १९९५ रोजी. अशा पहाटे गावाबाहेर बातमी पोहोचविणारे साधन विजेवर अवलंबून आहे की नाही, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

६/ आता इंटरनेट फोनकडे वळू. येथे आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, त्याचे आकडे होतात, आणि साधारण २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा पाकिटात घालून पत्त्यासह रवाना होतो. १९९५ साली एका इस्रायली कंपनीने यासाठी संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

७/ तंत्र आले, पण अनुमती आली नाही. १९९९च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला तूर्त नकार दिला. परदेशी कॉलचे उत्पन्न हे सरकारी कंपनीचे दुभते जनावर होते. तिची मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेट टेलिफोनी अंशतः खुली झाली. इंटरनेट कंपनीच्या ग्राहकाला संगणकावरून संगणकावर बोलता येई, संगणकावरून परदेशातील फोनवरही बोलता येई. मात्र भारतातील साध्या फोनवर बोलता येत नसे! मोठ्या परवानाधारकांना पुढे कागदोपत्री मुभा मिळाली, पण सेवा काही सुरू झाली नाही.

८/ या नियमाचा विरोधाभास धाराशिवच्या शेजारीच पाहता येतो. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी स्काइपद्वारे मुलांना दूरदूरच्या स्थळांच्या आभासी सहली घडविल्या. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराण-इराक अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांची संवादातून गाठ घालून देणारा उपक्रमही त्यांनी चालविला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. अशा शाळेतून इंटरनेटवर परदेशातील वर्गाशी बोलता येत होते, पण त्याच जोडणीवरून तहसील कार्यालयाचा लँडलाइन क्रमांक फिरविणे २०१८पूर्वी नियमात बसत नव्हते. अंतर ही आता अडचण उरली नव्हती. परवान्याची चौकट तेवढी उरली होती.

९/ ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने इंटरनेट टेलिफोनी खुली करण्याची शिफारस केली. २०१८ साली दूरसंचार विभागाने ती मान्य केली आणि जुलैमध्ये बीएसएनएलने आपली सेवा जाहीर केली. शाळांच्या दृष्टीने मोठा बदल मात्र आला तो फायबरमधून. बीएसएनएलने तांब्याची जोडणी काढून, जुना क्रमांक कायम ठेवून, ग्राहकांना फायबरवर नेण्यास आरंभ केला. जुनाच फोन नव्या पेटीत खोचला की तो इंटरनेट फोन होतो. ग्रामीण भागातील बहुसंख्य प्राथमिक शाळांना हा टप्पा लागलाच नाही. तेथे लँडलाइन आलीच नव्हती. शिक्षकांचा मोबाइल हाच शाळेचा फोन.

१०/ काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे एक्स्चेंजमधील ४८ व्होल्ट आता शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत. पेटीला शाळेचीच वीज लागते. लाइट गेली की पेटी बंद, आणि पेटी बंद की फोन मुका. त्यावर उपाय साधा आहे: पेटी इन्व्हर्टरवर घ्यायची. अनेक शाळांत इन्व्हर्टर असतोही, पण तो जोडलेला असतो कार्यालयातील पंख्याला आणि संगणकाला. फोनची पेटी त्यावर घ्यावी लागते हे नवी जोडणी देताना कोणी आवर्जून सांगत नाही, कारण शंभरेक वर्षे ही काळजी एक्स्चेंजने वाहिली होती.