लांझारोटे : सुट्टीच्या बेतामागील इतिहास

उत्तर युरोपात हिवाळा लागला म्हणजे दुपार सरते न सरते तोच अंधार पडू लागतो, आणि थंडीने आखडलेली कुटुंबे नकाशा पुढे घेऊन सुट्टीचे बेत करू लागतात. ऊन कोठे मिळेल, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. नकाशावर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात, स्पेनच्या सत्तेखालील कॅनरी बेटांचा पुंजका दिसतो. त्यातील मोठ्या बेटांपैकी अगदी पूर्वेकडचे ते लांझारोटे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ८४६ चौरस किलोमीटर. जानेवारीतही तेथे दिवसा वीस अंशांच्या आसपास उष्णता असते आणि आकाश बहुधा निरभ्र राहते. बेत करणाऱ्यास याहून अधिक काय हवे?

परंतु पाहुणा जे ऊन पैसे मोजून विकत घेतो, तेच ऊन त्या बेटावरील रहिवाशांचे शेकडो वर्षांचे दुःख होते. लांझारोटेचे डोंगर ठेंगणे असल्यामुळे समुद्रावरून येणारे ढग तेथे न अडता पुढे निघून जातात. वर्षाकाठी दीडशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नदी नाही, ओढा नाही. घरोघरी टाकी बांधून त्यांत पागोळ्यांचे पाणी साठवावयाचे आणि ते थेंबाथेंबाने पुरवावयाचे, हाच तेथील संसार. विसाव्या शतकातदेखील दुष्काळाच्या वर्षी शेजारच्या बेटांवरून जहाजाने पाणी आणावे लागे. शिवाय समुद्री चाच्यांचे भय होतेच. १६१८ मध्ये अल्जिअर्सच्या चाच्यांनी हल्ला केला तेव्हा लोक ‘कुएवा दे लोस वेर्देस’ नावाच्या लाव्ह्याच्या भुयारात लपून बसले होते. त्याच भुयारातून हल्ली पर्यटकांना दिव्यांच्या उजेडात फिरवून आणतात.

अशा या कोरड्या बेटावर जी थोडीबहुत धान्य पिकविणारी सुपीक जमीन होती, ती पश्चिमेकडील तिमान्फायाच्या बाजूस होती. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री, नऊ आणि दहाच्या दरम्यान, तेथेच भूमी दुभंगली. यैसा या गावचे धर्मोपदेशक आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी या उत्पाताची टिपणे लिहून ठेवली. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. १८१५ मध्ये कॅनरी बेटांवर गेलेल्या लेओपोल्ड फॉन बुख या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळे त्यातील मजकूर जगाला कळला. जमिनीतून एका रात्रीत उभा राहिलेला डोंगर, पाण्यासारखा धावणारा आणि पुढे मधासारखा घट्ट होत सरकणारा लाव्हारस, विषारी वाफांनी गुदमरून पडलेली गुरे, किनाऱ्यावर मरून आलेले मासे, हे सर्व त्यांत आहे. उत्पात आज थांबेल, उद्या थांबेल, या आशेवर धर्मोपदेशक आणि त्यांचे गावकरी सव्वा वर्ष तग धरून राहिले. अखेर १७३१ च्या शेवटी त्यांनी ग्रान कनारिया बेटाची वाट धरली आणि टिपणे तेथेच थांबली. ज्वालामुखी मात्र थांबला नाही. १६ एप्रिल १७३६ रोजी तो शांत झाला, तोपर्यंत बेटाचा सुमारे चौथा हिस्सा लाव्ह्याखाली गेला होता.

सरकारची वागणूकही ध्यानात घेण्याजोगी आहे. बेट ओस पडेल या धास्तीने अधिकाऱ्यांनी प्रारंभी लोकांना बेट सोडून जाण्यास मनाई केली होती. घर जळत असता दाराला कडी घालण्यासारखाच हा प्रकार झाला. पुढे ती मनाई टिकली नाही. याच सुमारास कॅनरी बेटांतील काही कुटुंबे, त्यांत लांझारोटेचीही होती, अमेरिकेतील टेक्सास प्रांतात वसाहतीसाठी गेली आणि मार्च १७३१ मध्ये सान आंतोनियो येथे पोहोचली. मात्र ती उत्पाताच्या काही महिने आधीच घराबाहेर पडलेली होती. दारिद्र्याने त्यांना ज्वालामुखीच्या आधीच हुसकले होते.

जे मागे राहिले किंवा परत आले, त्यांनी काय केले? आपल्या दख्खनच्या पठाराचा खडकही लाव्ह्याचाच आहे आणि त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी कसदार माती झाली. पण त्या कामास निसर्गाला लक्षावधी वर्षे लागली. लांझारोटेच्या शेतकऱ्यास तितका काळ थांबण्याची सवड नव्हती. त्याच्या ध्यानी असे आले की, जेथे लाव्ह्याचा दगड न पडता केवळ काळी, हलकी, सच्छिद्र खडी पसरली आहे, तेथे खालची जुनी माती ओलसर राहते. ही खडी रात्रीचे दव शोषून घेते आणि दिवसा तेच पाणी उन्हाने उडू देत नाही. तेथील लोक तिला पिकोन किंवा रोफे म्हणतात. मग ला हेरिया नावाच्या खोऱ्यात लोकांनी खडी उपसून जुन्या मातीपर्यंत खळगे खणले. काही खळगे तर दोन-तीन मीटर खोल आहेत. एकेका खळग्यात एकेक द्राक्षवेल लावली आणि ईशान्येकडून सतत वाहणाऱ्या वाऱ्यापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून कडेला अर्धचंद्राकृती दगडी बांध रचला. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड ठेवून रचलेला हा बांध पाहिला तर कोकणातील मनुष्य त्यास गडगाच म्हणेल, आणि त्या खळग्यास आळे. अशी हजारो आळी काळ्या उतारावर खवल्यांसारखी पसरलेली दिसतात. या वेलींच्या द्राक्षांपासून मालवासिया जातीची मदिरा होते. जेथे खडी आपोआप पडली नव्हती, तेथे ती उंटांच्या पाठीवरून वाहून नेऊन शेतात अंथरण्याची पद्धतही पुढे रूढ झाली. ज्या राखेने शेत गिळले, तीच शेतावर आणून घालावयाची! एवढे धैर्य सहसा कोणाच्या ठायी दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात निवडुंगावर कोचिनील किडे पोसून त्यांपासून लाल रंग काढण्याचा धंदा भरभराटीस आला. रासायनिक रंग निघताच तो बसला. १८२४ मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, पण तीन महिन्यांतच निवाला. पुढील शंभर वर्षांत बेटावरून लोक बाहेर जात राहिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

चित्र पालटले ते १९६० नंतर. त्या दशकाच्या मध्यास समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्रगृह तेथे सुरू झाले; स्पेनमधील ते अशा प्रकारचे पहिलेच. पाणी आले म्हणून पाहुणे येऊ शकले. त्याच सुमारास सेसार मान्रीके हा चित्रकार न्यूयॉर्कहून मायदेशी परतला. त्याचा जन्म १९१९ मध्ये याच बेटावरील आरेसीफे बंदरात झाला होता. बेटाच्या मंडळाचे अध्यक्ष होसे रामिरेझ सेर्दा त्याचे बालमित्र. या दोघांनी ठरविले की, स्पेनच्या मुख्य किनाऱ्यावर उंच इमारतींची जी भिंत उभी राहात आहे, ती येथे होऊ द्यावयाची नाही. घरे ठेंगणी आणि पांढरी असावीत, दारे-खिडक्यांना हिरवा किंवा निळा रंग असावा, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नसावेत, असा त्यांचा आग्रह होता. लाव्ह्याच्या भुयाराचे छत कोसळून झालेल्या ‘हामेओस देल आग्वा’ या विवराचे मान्रीकेने रम्य विश्रांतिस्थान केले. तेथील तळ्यात इवलेसे पांढरे, आंधळे खेकडे राहतात. पाण्यात नाणे टाकण्यास सक्त मनाई आहे, कारण नाण्याच्या गंजाने ते मरतात. पाणी दिसताच पैसा टाकण्याची आपल्याकडील भाविकांची सवय लक्षात घेता, ही सूचना येथे मुद्दाम दिली आहे.

१९७४ मध्ये तिमान्फायाचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. तेथे जमिनीखाली काही मीटरांवर अद्याप शेकडो अंश उष्णता आहे. रक्षक बिळात सुके काटूक टाकतात तर ते भडकून पेटते. नळीत पाणी ओततात तर वाफेचा फवारा उसळतो. याच उष्णतेवर मांस भाजणारे उपाहारगृहही आहे. धर्मोपदेशकाने ज्याच्यापुढून पळ काढला, त्या अग्नीवर आता पाहुण्याचे जेवण शिजते.

मान्रीकेचे चरित्र सांगताना त्यास देवपण देण्याची चाल पडली आहे. ती योग्य नव्हे. त्याने बेट इतके सुंदर करून दाखविले की, त्या सौंदर्यामुळेच गर्दी लोटली, आणि हे त्याला स्वतःलाही दिसू लागले होते. वाढत्या बांधकामाविरुद्ध तो जाहीरपणे बोलू लागला. १९९१ मध्ये हॉटेलांच्या खाटांवर मर्यादा घालणारी योजना बेटाने मंजूर केली. पुढल्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९९२ रोजी, स्वतःच्या संस्थेजवळ मोटार अपघातात तो मरण पावला. योजना कागदावर राहिली आणि हॉटेले किनाऱ्यावर उभी राहिली. त्यांपैकी अनेकांचे परवाने न्यायालयांनी पुढे बेकायदा ठरविले. ज्या यैसा गावाने १७३१ मध्ये घरदार सोडले, त्याच गावाच्या हद्दीत यांतील बरीचशी आहेत. सुमारे दीड लाख वस्तीच्या या बेटावर अलीकडे वर्षाला तीस लाखांच्या घरात पाहुणे उतरतात, आणि त्यांच्या स्नानाचे पाणी समुद्रातूनच गोडे करून घ्यावे लागते. २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांतील हजारो रहिवासी या गर्दीविरुद्ध रस्त्यावर आले.

तेव्हा बेत करणाऱ्याने केवळ ऊन पाहू नये. राष्ट्रीय उद्यानात पायवाट सोडून चालता येत नाही, कारण दगडावरील दगडफूल वाढण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि एका टाचेखाली ते नाहीसे होते. वाऱ्याने सहाराची धूळ आणली तर चार दिवस सूर्य पिवळा दिसतो, त्याचीही तयारी ठेवावी. किनाऱ्यावरील हॉटेलात आठवडा काढून परतणाऱ्यास हे बेट दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाणे झाल्यास ला हेरियाच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चाललेली असते. त्या आळ्यांत यंत्र उतरत नाही. माणसे काळ्या खडीवरून घसरत खाली जातात, घोस हाताने खुडतात आणि पेट्या उचलून वर आणतात.