फिल्टरचं पोट
लेहमधली सकाळ, उणे वीस. कार सुरू केली की दोन-तीन सेकंद इंजिन खडखडायचं. ओळखीच्या हवालदार मेकॅनिकने माझा स्वस्तातला फिल्टर आणि एक चांगला, दोन्ही कापून समोर ठेवले. "साहेब, रंग नको, पोट बघा." माझ्यात कागदाच्या घड्या कमी, तेल अडवणारा रबरी व्हॉल्व्ह थंडीने कडक. रात्रीत तेल खाली उतरायचं. दुसऱ्यातला सिलिकॉनचा, मऊच.

१९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंडने 'प्युरोलेटर' आणला. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई. पुढे सगळं तेल गाळणारे फिल्टर रुळले, १९५०च्या दशकात फिरवून बसवायचा बंद डबा आला. बदलणं सोपं झालं, पण आतलं दिसेनासं झालं. आता काढलेला प्रत्येक फिल्टर मी कापून बघतो.