वायर दिसली, अब्रू गेली

इतिहास म्हटला की आपल्याला शिवकाळ नाहीतर पेशवाई आठवते. पण मध्यमवर्गीयाच्या घरातल्या वायरीलाही इतिहास आहे. तो बी.कॉम. झालेल्या बँकेच्या कारकुनाने लिहावा हे काही इतिहासकारांना आवडणार नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी करणाऱ्याला एखादी नोंद आपल्या मनाची करावीशी वाटतेच की!

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्यात सिंहगडावरून चित्र दिसू लागले ते १९७३ मध्ये. त्या काळी वायर लपवायची गोष्ट कुणी काढली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. अहो, वायर दिसावी म्हणूनच तर टीव्ही घ्यायचा! जपानातल्या यागी आणि उदा या दोघांनी १९२६ च्या सुमारास शोधलेला तो काटेरी अँटेना गच्चीवर उभा राहिला की घराण्याची पत वाढे. पुण्यातले झाडून सारे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे. तानाजीनंतर गडाकडे इतक्या एकाग्रतेने कुणी पाहिले नसेल. गच्चीवरून चपटी वायर लोंबत येई आणि खिडकीतून घरात शिरे. मग ती खिडकी पुढे दहा वर्षे पुरती लागत नसे. पाऊस आत येई. आमचे वडील पाहुण्यांना ती न लागणारी खिडकी मुद्दाम दाखवीत.

विजेची वायरही उघडीच. लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा, आणि दर रंगकामात भिंतीबरोबर रंगून निघालेली वायर. सुंदर मुळीच नव्हे. पण कोणती वायर कुठल्या दिव्याला जाते हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

मग वायरीची लाज वाटू लागली कधी? माझ्या मते, टीव्ही रोड झाल्यावर. जुन्या टीव्हीच्या पोटात काचेची मोठी नळी असे. मागच्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर पसरायला अंतर लागे, म्हणून त्याची पाठ फुगलेली. असा ऐवज कोपऱ्यातल्या टेबलावरच शोभायचा. त्या पाठीआड वायरींचा गुंता, कोळ्याचे जाळे आणि हरवलेले खोडरबर सुखाने नांदत. १९९१ च्या आखाती युद्धाने केबलची गोडी लावली, १९९२ मध्ये झी आले. जी नवी वायर येई ती त्याच पाठीआड जाई. मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तोवर टीव्ही पोट-पाठ गमावून भिंतीवर चढू लागला होता. वायरी उघड्यावर आल्या.

आमच्याकडेही आल्या.

"अहो, हे भिंतीवर जानवं काय लोंबतंय?" हिने विचारले.

इलेक्ट्रिशियनला बोलावले. प्लॅस्टिकची पट्टी ठोकणे स्वस्त. पण ती हिला पसंत नाही. प्लायवुडचे पॅनेल म्हणजे टीव्हीपेक्षा त्याची चौकट महाग. राहिला भिंतीत चर.

"साहेब, टीव्हीचीच वायर प्लास्टरमध्ये गाडून टाकतो. कुणाला दिसणार नाही."

"आणि उद्या कुणी खिळा ठोकला तर?" हिने विचारले. २३० व्होल्टपुढे साहेब आणि इलेक्ट्रिशियन दोघेही गप्प.

तिचे बरोबर होते. टीव्हीची लोंबती वायर प्लास्टरखाली गाडायची नसतेच. पाइपातून पक्की वायर नेऊन टीव्हीमागेच सॉकेट द्यायचे. एचडीएमआय आणि केबल यांचा पाइप वेगळा, आणि तोही ऐसपैस, कारण एचडीएमआयचे डोके वायरीपेक्षा कितीतरी रुंद. बारीक पाइपात ते वळणावर अडते. चर सरळ उभा घ्यायचा, तिरपा नाही. म्हणजे सॉकेट पाहून पुढच्या माणसाला वायरीचा माग लागतो. इलेक्ट्रिशियनला तिरपा हवा होता, भिंत कमी फुटते म्हणून. हिने पट्टीने रेघ मारून दिली. उद्या कुठली नवी वायर निघेल कोण जाणे, म्हणून पाइपात एक सुतळीही ओवून ठेवली.

प्लास्टर भरण्यापूर्वी हिने मोजपट्टी धरून भिंतीचे चार फोटो काढले, छापून घेतले आणि घराच्या करारनाम्याच्या फाइलीत लावले. वर लाल शाईने लिहिले: खिळा ठोकण्यापूर्वी पाहणे.