तारापूरच्या बुटाचे कूळ

सकाळच्या पाळीच्या वेळी बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तारापूरच्या कारखान्यांकडे निघालेल्या गर्दीच्या पायांकडे पाहावे. चपला, स्पोर्ट्स शूज, सँडल यांच्यात काळे, जाडजूड, नाकाशी फुगलेले बूट सारखे डोळ्यांत भरतात. सेफ्टी शूज. रविवारी हेच बूट वाघोबा खिंडीतून काळदुर्गाच्या वाटेला लागलेले दिसतात, पावसाळ्यात अशेरी गडाच्या कातळावरही दिसतात. ट्रेकसाठी वेगळा जोड घ्यायला पैसे कशाला घालवायचे, हा त्यामागचा हिशेब. चामड्याचा आहे, घोट्यापर्यंत आहे, तळ जाड आहे, शिवाय कंपनीने दिला आहे. हा हिशेब अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे. कुठला अर्धा चूक, ते कळायला त्या बुटाचे कूळ शोधावे लागते.

तारापूरच्या या किनाऱ्याला पायात चामडे घालायची सवय नव्हती. इथल्या दांडी गावाचेच पाहा. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी वेगळी, ती नवसारीजवळची. ही दांडी पालघर तालुक्यातली, तारापूरच्या दक्षिणेला, मांगेला मच्छीमारांची. ओहोटीच्या चिखलात उतरायचे, होडी ढकलायची, मासळी वाळूत पसरायची, यातल्या एकाही कामात जोडा उपयोगाचा नाही. अनवाणी पाऊलच तिथे नीट रुतते आणि नीट सुटते. तरीही चामडे ज्या द्रव्याने टिकते ते द्रव्य या किनाऱ्याच्या रोजच्या वापरातले होते. नायलॉन येण्याआधीची जाळी सुताची आणि तागाची असत आणि खाऱ्या पाण्यात ती भराभर कुजत. म्हणून रानातून ऐनाची साल आणायची, कुटून मोठ्या भांड्यात उकळायची आणि त्या लालसर काढ्यात जाळी बुडवून वाळवायची. सालीतले टॅनिन धाग्याला कुजू देत नाही. हेच टॅनिन कातड्याच्या तंतूंना पकडून बसते तेव्हा कातड्याचे चामडे होते. ऐनाची, बाभळीची साल आणि हिरडा हे महाराष्ट्रातल्या कमावणाऱ्यांचे जुने भांडवल. कोल्हापूरकडे तर कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचा आणि हिरड्याचा अर्क भरून ती टांगून ठेवत. अर्क आतून झिरपत बाहेर येई आणि कातडे पक्के होई. ढोर समाजाची ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. तिच्या जोरावर जो कोल्हापुरी पायताणाचा व्यापार उभा राहिला त्याचे कौतुक सगळ्यांनी केले. हौदात हात घालणाऱ्यांना मात्र गावाने वेशीबाहेरच ठेवले.

सालीत कमावलेले चामडे घट्ट, ताठ, तळाला उत्तम. पण त्याला वेळ फार लागतो, आणि वारंवार भिजले-वाळले की ते कडक होते. बुटाचा वरचा भाग, ज्याला कारागीर अप्पर म्हणतात, तो मऊ राहून पाणी सोसणारा हवा. ही अडचण अमेरिकेत सुटली. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती कृती एकाच हौदात आणली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. भारतात ही रीत रुजवण्यात मद्रासच्या कलाशाळेतल्या आल्फ्रेड चॅटर्टन यांचा मोठा वाटा. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोमचे चामडे प्रथम कशासाठी पुढे केले? विहिरीवरच्या मोटेसाठी. दिवसभर पाण्यात बुडणारी आणि उन्हात लोंबणारी मोट सालीच्या चामड्याची असली तर लवकर जाई, क्रोमची जास्त टिके. म्हणजे आज पावसात वापरायच्या बुटाला जे चामडे लावतात, त्याची आपल्या देशातली पहिली परीक्षा शेतकऱ्याच्या विहिरीवर झाली. ट्रेकिंगच्या दुकानात बूट विकणारा हे सांगत नाही, पण सांगायला हवे असे मला वाटते.

बूट ही वस्तू मात्र इकडे फौजेबरोबर आली. १८५७ नंतर इंग्रजांनी कानपूरला खोगीर आणि सरंजामाचा सरकारी कारखाना काढला. १८८० च्या दशकात तिथेच कूपर ॲलन कंपनी लष्करासाठी बूट करू लागली. त्या बुटांच्या चामडी तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल ठोकलेला असे. पायदळाच्या कवायतीचा तो खाड-खाड आवाज त्या खिळ्यांचाच. युरोपातले गिर्यारोहकही खिळ्यांचेच बूट घालत. मातीत आणि बर्फात खिळा धरतो. कोरड्या, गुळगुळीत कातळावर मात्र घसरतो, आणि थंडीत लोखंडातून गारठा थेट पायात शिरतो.

१९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर हवामान फिरले आणि सहा गिर्यारोहक दगावले. त्यांच्या मंडळीत मिलानचे व्हिताले ब्रामानी होते, ते वाचले. कातळावर आणि बर्फावर, दोन्हीकडे चालेल असा तळ हवा या ध्यासाने त्यांनी पिरेल्ली या टायरवाल्यांच्या मदतीने रबराचा खोल नक्षीचा तळ घडवला. १९३७ मध्ये तो बाजारात आला. नाव 'कारार्मातो', म्हणजे रणगाडा. आपल्या नाव-आडनावाची पहिली अक्षरे जोडून त्यांनी कंपनीला व्हिब्राम म्हटले. १९५४ मध्ये इटालियन तुकडी के-टूच्या माथ्यावर पोचली ती असल्याच तळांवर. आज बोईसरच्या फुटपाथवर मिळणाऱ्या स्वस्तातल्या स्वस्त बुटाच्या तळावरचे ते उंचवटे पाहा: नक्कल कितव्या पिढीची का असेना, मूळ ब्रामानींचे.

तळ कसा जोडतात, हा टिकाऊपणाचा खरा प्रश्न आहे, आणि इथे जरा थांबायला हवे. रबर व्हल्कनाइझ करणाऱ्या गुडइयर यांच्या मुलाने १८७० च्या आसपास एक शिलाई यंत्र बाजारात आणले. त्याची युक्ती अशी: अप्परच्या खालच्या कडेला चामड्याची एक अरुंद पट्टी शिवायची, आणि तळ अप्परला न शिवता त्या पट्टीला शिवायचा. तळ झिजला की पट्टीची शिलाई उसवायची, नवा तळ शिवायचा. अप्परला नवे भोक पडत नाही. असा बूट दोन-तीनदा तळ बदलून वर्षानुवर्षे चालतो. पुढे कारखान्यांनी उलटी वाट धरली. अप्पर साच्यात धरायचा आणि त्याखाली पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, ओतायचे. काही मिनिटांत बूट तयार, वजनाला हलका, तेलावर घसरत नाही, किंमत आवाक्यात. आपल्याकडचे बहुतेक सेफ्टी शूज याच जातीचे. अप्पर बहुधा म्हशीच्या चामड्याचा, वर दाणेदार ठसा मारलेला. या ठशाला व्यापारात बार्टन प्रिंट म्हणतात आणि त्याखाली कातड्यावरचे ओरखडे झाकून जातात. वाईट चामडे नाही ते. पण तळ निघाला की रस्त्याकडेच्या कारागिरापाशी सोल्युशन लावून चिकटवण्यापलीकडे इलाज उरत नाही. आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन तो बसलेला असतो, हात तयार असतो. शिवायला जागाच ठेवलेली नसते.

नाकाच्या फुगवट्यात लोखंडी टोपी. ती कारखान्याची देणगी, डोंगराशी तिचा काही संबंध नाही. भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे सेफ्टी शूजच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे वाचायला हवीत. तारापूरला अणुवीज केंद्राचे काम १९६४ मध्ये सुरू झाले, २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथून वीज मिळू लागली, पाठोपाठ एमआयडीसी वाढली. रसायने, पोलाद, कापड, औषधे. अनवाणी किनाऱ्याच्या पाठीशी बुटांची ही वस्ती अशी एका पिढीत उभी राहिली, आणि मच्छीमारांच्या घरातली मुलेही पाळ्यांवर जाऊ लागली.

आता तो रविवारचा हिशेब. काळदुर्ग चढताना टोपी त्रास देत नाही, उतरताना देते. पाय पुढे सरकतो, नख लोखंडाला आपटत राहते आणि दोन दिवसांनी काळे पडते. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आणि घोट्याशी घट्ट बांधलेली नाडी, एवढे केले तर बरेच निभावते. तेलासाठी बनवलेला पीयूचा तळ शेवाळलेल्या ओल्या कातळावर भरवशाचा नाही. अशेरीच्या शेवटच्या टप्प्यावर शिडीपाशी मी तरी रबरी तळच पसंत करीन. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांनी कापडी हंटर शूजवर किती गड पालथे घातले, ते उगाच नव्हे: तळ रबराचा, आणि भिजले तर रात्रीत वाळणारे. चामड्याचा बूट तिथे मागे पडतो. काटे, दगडांच्या कडा, पाठीवर ओझे घेऊन केलेली लांब चाल इथे तो पुढे असतो. मनोरकडच्या करवंदीच्या जाळ्यांतून चालून पाहिले की कापडाचे गुण आठवत नाहीत.

जपणुकीत या किनाऱ्याची अडचण एकच आहे आणि ती जुनी आहे: मीठ. मजा अशी की चामड्याची सुरुवातच मिठाने होते. सोललेले कातडे काही तासांत सडू लागते. त्याला वजनाच्या निम्म्याच्या आसपास मीठ चोळले की ते पाणी ओढून घेते आणि सडणे थांबते. कमावण्याआधी हे मीठ धुऊन काढतात. तेच मीठ तयार बुटात परत शिरले की तोच गुण उलटा पडतो. ते हवेतला ओलावा खेचते, म्हणून दांडी-नवापूरच्या वाऱ्यात बूट कधी पुरता वाळत नाही. आणि वाळलाच तर तंतूंमध्ये स्फटिक होऊन तेल बाहेर ढकलते. घडीच्या जागी, बोटांच्या मागे, पांढरी रेघ उमटते आणि पुढच्या मोसमात तिथेच चामडे फुटते. नाडीच्या कड्या गंजतात, शिलाई गळते.

म्हणून पुळणीवरून किंवा खाडीकाठून आल्यावर बूट आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा, रेघ असेल तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून. नाडी काढावी, आतला तळवा बाहेर ठेवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते एक-दोनदा बदलावे. वाळवणे सावलीत, वाऱ्यावर. चुलीशेजारी, गाडीच्या सायलेन्सरवर किंवा भर उन्हात ओले चामडे आक्रसते आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही. हा सर्वांत जास्त बूट मारणारा प्रकार. वाळल्यावर मेण-चरबीचे डबिन थोडेच, शिलाईवर आणि घडीवर बोटाने जिरवावे. खोबरेल आपल्या घरात सगळ्यावर लावतात; बुटावर फार लावले तर चामडे लुळे पडते आणि घोट्याचा आधार जातो. पावसाळ्यात बुरशी आली तर घाबरायचे कारण नाही, घराबाहेर ब्रशने झाडून पुसून घ्यावी. आणि जमेल त्याने दोन जोड आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे घामाला सुटायला एक दिवस मिळतो.

एक गोष्ट मात्र डबिनने टळत नाही. कंपनीतून मिळालेला नवा जोड 'पुढे ट्रेकला होईल' म्हणून खोक्यासकट माळ्यावर ठेवण्याची इथे रीत आहे. पीयू हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होते, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत हे काम जास्त जोरात चालते. काही वर्षांनी खोके उघडले तर वरचे चामडे कोरे करकरीत दिसते आणि वाघोबा खिंड ओलांडेपर्यंत तळाचे तुकडे पडू लागतात. त्यामुळे बुटावर छापलेली उत्पादनाची तारीख वाचावी. चार-पाच वर्षे बंद खोक्यात गेलेला जोड डोंगरावर नेण्याआधी तळाला नख रुतवून पाहावे. भुकटी निघाली तर तो गावातल्या बागकामाला ठेवावा.