देवडीवरचा मुखत्यार

एखाद्या वर्तमानपत्राचे किंवा विद्यापीठाचे संकेतस्थळ आपण उघडतो तेव्हा आपली विनंती, ज्या अनुप्रयोगाने तिचे उत्तर सिद्ध करावयाचे त्याच्यापर्यंत बहुधा थेट जात नाही. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसलेल्या मुखत्याराप्रमाणे एक वेब सर्व्हर मध्ये उभा असतो. आलेली विनंती तो आपल्या नावावर रुजू करून घेतो, आतल्या ज्या अनुप्रयोगाच्या अखत्यारीतली ती असेल त्याच्याकडे रवाना करतो, आणि मिळालेले उत्तर जणू आपणच लिहिले अशा थाटात बाहेर देतो. रिव्हर्स प्रॉक्सी या नावाने ओळखली जाणारी ही वहिवाट आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की वेबच्या जन्माबरोबरच ती जन्मली असावी असा समज सहज व्हावा. प्रत्यक्षात या मध्यस्थाची पहिली नेमणूक नेमक्या उलट दिशेच्या कामगिरीवर झाली होती, आणि पुढे त्याचे तोंड फिरले ते कोणाच्या दूरदृष्टीपेक्षा निव्वळ काटकसरीमुळे.

1994 च्या मे महिन्यात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी वेब-प्रॉक्सीविषयीचा निबंध सादर केला. मोठमोठ्या संस्था तेव्हा आपल्या अंतर्गत जाळ्याभोवती फायरवॉल उभारू लागल्या होत्या, आणि आत बसलेल्या माणसाला बाहेरचे वेब पाहावयाचे तर त्याच्या वतीने बाहेर जाऊन पान आणून देणारे कोणी तरी हवे होते. सर्नच्या वेब सर्व्हरला ही कामगिरी सांगण्यात आली. शिवाय एकासाठी आणलेले पान साठवून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याने मागताच ते जागच्या जागी देता येईल, अशी तजवीजही तेव्हाच झाली. पुढच्या उलटफेराचे बीज या साठवणुकीत होते. कोलोरॅडो आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांत चाललेल्या हार्वेस्ट प्रकल्पाच्या कर्त्यांनी हाच साठा वाचकाच्या बाजूऐवजी सर्व्हरच्या बाजूला मांडण्याची सोय केली, जेणेकरून त्याच त्या पानासाठी मूळ सर्व्हरला पुनःपुन्हा राबवावे लागू नये. या योजनेला त्यांनी ॲक्सिलरेटर म्हटले, आणि हार्वेस्टमधून 1996 मध्ये निघालेल्या, ड्वेन वेसल्स यांनी वाढवलेल्या स्क्विडनेही ती उचलली.

त्याच वर्षी अपाचे सर्व्हरच्या 1.1 आवृत्तीत प्रॉक्सीचे मॉड्यूल दाखल झाले. 'प्रॉक्सीपास' हा एका ओळीचा हुकूम लिहिला की अमुक मार्गाखालच्या साऱ्या विनंत्या आतल्या तमुक यंत्राकडे जात. परंतु पान दुसरीकडे हलले आहे असे कळवताना आतला अनुप्रयोग आपला अंतर्गत पत्ताच लिहून मोकळा होई, आणि बाहेरचा ब्राउझर, त्या पत्त्यावर पोहोचण्याचा त्याला काहीएक मार्ग नसताना, तिकडे धाव घेई. ही भानगड मिटवण्यासाठी 1998 च्या 1.3 आवृत्तीत 'प्रॉक्सीपासरिव्हर्स' आला, जो बाहेर जाणाऱ्या उत्तरातला पत्ता दुरुस्त करतो. हे दोन हुकूम जोडीने लिहावयाचे असतात, आणि नवशिके दुसरा हमखास विसरतात.

मात्र या मध्यस्थाला अपरिहार्य केले ते संथ वाचकाने. त्या काळच्या अपाचेत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस तैनात होई, आणि पर्ल किंवा पीएचपीचा इंटरप्रिटर तिच्यातच वस्तीला आला की तिचा मेमरीवरचा भार अनेक मेगाबाइटांवर जाई. वाचक 56 किलोबिटांच्या मोडेमवर बसला असेल, तर 50 किलोबाइटांचे पान त्याच्यापर्यंत पोहोचावयास, तार निर्दोष असली तरी, सात सेकंद लागत. पान सिद्ध करण्याचे काम सेकंदाच्या अल्पांशात उरकलेले असे, आणि उरलेला सारा वेळ ती अवजड प्रोसेस थेंब थेंब उत्तर सोडीत बसून राही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून परदेशी संकेतस्थळे पाहू लागलेली आपली मंडळीही नकळत हा खर्च वाढवणाऱ्यांतच मोडत होती. अपाचेत पर्ल चालवणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा असा, की अवजड अपाचे मोजके ठेवावे आणि आत ठेवावे, त्यांच्यापुढे इंटरप्रिटर नसलेले हलके अपाचे उभे करावे; आतल्याने तयार उत्तर एकदम पुढच्याच्या हवाली करून नव्या कामाला लागावे, आणि संथ वाचकाची मर्जी पुढच्याने सांभाळीत बसावे. सुरक्षिततेचा जो गौरव आज रिव्हर्स प्रॉक्सीच्या वाट्यास येतो, तो मला तरी उत्तरकालीन अलंकार वाटतो. मूळ हिशेब मेमरीच्या जमाखर्चाचा होता.

पुढचा सर्व्हर हलका झाला तरी जोडणीगणिक प्रोसेस हा नेम तसाच राहिला होता. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला. मॉस्कोच्या रॅम्बलर या पोर्टलमध्ये नोकरीस असलेले इगोर सिसोयेव्ह यांनी आधी अपाचेसाठीच एक प्रॉक्सी-मॉड्यूल लिहून पाहिले होते. 2002 मध्ये त्यांनी स्वतंत्र सर्व्हर रचावयास घेतला, आणि एंजिनएक्स या नावाने तो 4 ऑक्टोबर 2004 रोजी, म्हणजे स्पुटनिकच्या उड्डाणाच्या तिथीस, प्रसिद्ध केला. त्यात काम करणाऱ्या प्रोसेस मोजक्या असून प्रत्येकीकडे हजारो जोडण्या असतात. ज्या जोडणीवर काही घडले असेल तेवढीच ऑपरेटिंग सिस्टिम कळवते, आणि बाकीच्यांपायी कोणी खोळंबून राहत नाही. संथ वाचकाचा प्रश्न इथे निकालात निघाला, इतका की पुढे पायथनच्या गनिकॉर्नसारख्या सर्व्हरांनी तो हाताळण्याची जबाबदारी अंगावर घेण्याचेच नाकारले आणि आपल्या पुस्तिकेत पुढे एंजिनएक्स उभा करण्याची आग्रहाची शिफारस केली.

उभारणीचा विधी तसा थोडका आहे. युनिक्समध्ये 1024 च्या खालचे पोर्ट रूटच्या हुकमतीतले असल्याने 80 आणि 443 एंजिनएक्सने घ्यावेत, अनुप्रयोगाने त्याच यंत्रावर 8080 सारख्या पोर्टवर ऐकत बसावे, आणि 'प्रॉक्सी_पास' या ओळीने दोहोंची गाठ घालावी. आतला अनुप्रयोग बंद असेल तर वाचकाला 502 ची सूचना मिळते, आणि मुदतीत, जी मुळात 60 सेकंदांची असते, उत्तर आले नाही तर 504 ची. खरी मेख ओळखीत आहे. मध्यस्थ सारे काही स्वतःच्या नावे पुढे धाडतो, त्यामुळे आतल्या नोंदींत प्रत्येक वाचकाचा पत्ता एकच, मध्यस्थाचाच, उमटतो. स्क्विडच्या कर्त्यांनी यासाठी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे शीर्षक रूढ केले, ज्यात मूळ पत्ता लिहून पाठवला जातो. पण ते शीर्षक वाचकालाही स्वतः लिहिता येते, तेव्हा स्वतःच्या मध्यस्थाने लिहिलेल्या भागापलीकडे अनुप्रयोगाने विश्वास ठेवणे धोक्याचे. 2014 मध्ये फॉरवर्डेड हे प्रमाणित शीर्षक ठरवण्यात आले, परंतु त्यात आयपीव्ही6 चा पत्ता चौकटी कंसात आणि अवतरणचिन्हांत घालण्याची अट आहे, आणि ती पाळण्याचा व्याप टाळून बहुतेक व्यवस्थापक जुन्याच शीर्षकाची ओळ लिहितात.