प्रशासकाचा अर्थसंकल्प

१. एरवी महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार सुचवते आणि सर्वसाधारण सभा ते मंजूर करते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत निवडणूक रखडली. त्यामुळे २०२३-२४चे ५२,६१९ कोटींचे अंदाजपत्रक आयुक्तांच्या प्रशासनाने मांडले आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केले. महापालिका नसलेल्या, गोदाकाठच्या गंगाखेडसारख्या छोट्या शहरांतील नगरपरिषदांना १९६५चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. तिथल्या अंदाजपत्रकाची रक्कम लहान असली तरी मुद्दा तोच राहतो : नदीकाठच्या वस्तीत आधी नाली की रस्ता, हे भर सभेत विचारणारा लोकांनी निवडलेला नगरसेवक हवाच. (संपा.)