राउटरमधली रांग

पुढची तार मोकळी नसेल तर आलेले पॅकेट राउटरच्या बफरमध्ये थांबते. हा बफर किती मोठा असावा आणि त्यातून आधी कोणाला सोडावे, हे दोन प्रश्न अभियंत्यांना चार दशके पुरून उरले आहेत.

१९८५ साली जॉन नेगल यांनी अमर्याद बफर असलेला राउटर कल्पून पाहिला. निष्कर्ष चमत्कारिक निघाला. पॅकेटला आयुर्मर्यादा असते. रांग बेसुमार लांबली की नंबर लागेपर्यंत ही मर्यादा संपते आणि पॅकेट फेकूनच द्यावे लागते. शिवाय रांग एकच असेल, तर जो जास्त पॅकेटे ढकलतो त्याचे फावते. म्हणून प्रत्येक संगणकाची रांग वेगळी ठेवून पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, असे नेगल यांनी सुचवले. यात मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याला झुकते माप मिळे. डेमर्स, केशव आणि शेन्कर यांनी १९८९ मध्ये पाळीचा हिशेब बिटांत मांडून ते दूर केले, पण हे गणित वेगवान राउटरला जड जाई. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी जॉर्ज व्हर्गीस यांनी सोपी तोड काढली: दर पाळीला ठरावीक बाइट द्यायचे, न वापरलेले पुढच्या पाळीत जमा धरायचे.

दरम्यान ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा, की पॅकेट हरवले म्हणजे वाट तुंबली असे समजून पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. पॅकेट गळणे हाच इशारा ठरला.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उत्पादक सढळ हाताने बफर देऊ लागले. पॅकेट गळू नये हा हेतू वरवर रास्तच, पण त्यामुळे इशारा उशिरा पोचू लागला. सेकंदाला १० लाख बिटांच्या जोडणीवर २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर मागच्या पॅकेटला सुमारे दोन सेकंद ताटकळावे लागते. एवढ्यात फोनवरचे बोलणे तुटते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांच्या २०१२ च्या ‘कोडेल’ पद्धतीने रांगेची लांबी मोजणे सोडून पॅकेटचा मुक्काम मोजला. तो १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला, की पॅकेटे टाकायला सुरुवात होते. कोडेल आणि श्रीधर-व्हर्गीस यांच्या पाळ्या यांची जोडी लिनक्सवर चालणाऱ्या अनेक घरगुती राउटरांत आज वापरात आहे.